केराआत्याचा राहिलेला घोट

केराआत्या गेल्याचा निरोप मला एसटीच्या कंडक्टरनं दिला. तुळजापूरला आमच्या शाळेच्या फाटकाशी त्यानं गाडी हळू करायला लावली आणि खिडकीतून वाकून सांगितलं, "बाई, तुमची आत्या गेली. पहाटं. मंडळी वाट बघत्यात." गाडी पुढं निघून गेली. मी वर्गात परत आले, फळ्यावर अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, खडू ठेवला आणि निघाले. रडू आलं नाही. अजूनही पुरतं आलेलं नाही, कारण मध्येच राग आला आणि तो ठाण मांडून बसलाय.

राग कशाचा ते आधी सांगते. आत्या आमच्या भागातल्या दूध संघाची संचालक होती, राखीव जागेवरची. ती गेल्यावर आठवड्याभरानं संघाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. फोटोला हार घातला, सगळे खाली मान घालून उभे राहिले, आणि मग चेअरमन बोलायला उठले. "केराबाई म्हणजे भोळा जीव," ते म्हणाले. "आपल्या संघानं त्यांना बुद्धाचा देश दाखवला. पण बाई इतक्या साध्या, की तिथल्या मठात लामा पवित्र पाणी द्यायला आला, सगळे ओंजळ करून उभे, आणि आमच्या केराबाई म्हणतात, मला पेला द्या." हॉल हसला. मेलेल्या बाईच्या फोटोखाली माणसं हसली... चेअरमनही हसले आणि मग रुमालानं डोळे टिपले. मी पहिल्याच रांगेत होते. तिथं उठून बोलले असते, तर शिकलेली पोर आहे, दुःखात आहे, असं म्हणून त्यांनी मला खाली बसवलं असतं. म्हणून लिहिते आहे. भूतानला मी आत्याच्या सोबत होते. त्या पेल्याची गोष्ट मला माहीत आहे, आणि चेअरमनना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आमचं गाव येडशीपासून आत, बालाघाटाच्या उताराला. आई मला आठवतही नाही इतकी लवकर गेली. आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली, तिनंच मला वाढवलं. जन्मल्या जन्मल्या तिला उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, आधीची पोरं जगली नाहीत म्हणून. त्यावरून नाव केरा. ती म्हणायची, "कचऱ्यातनं आल्याली हाय म्या, मला कोन काय घान करनार?" छप्पनच्या पुढं आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा सगळ्यांबरोबर तिनंही प्रतिज्ञा म्हटल्या, आणि घरी येऊन स्वतःची एक वर जोडली. वरून ओतलेलं पाणी प्यायचं नाही. तोपर्यंत आमच्या बायका गावच्या विहिरीच्या काठाला घागर घेऊन ताटकळत उभ्या राहायच्या. कुणाला दया आली तर तो पोहरा वर धरून लांबून घागरीत पाणी सोडायचा, आणि तहान लागली असेल तर ओंजळीत. शिंतोडे त्याच्या अंगावर उडू नयेत म्हणून ओंजळ खाली धरायची, कमरेत वाकून. आत्या म्हणाली, झालं तेवढं वाकून झालं. भांडं द्या, न्हायतर तहान बरी.

ही प्रतिज्ञा तिला बहात्तरच्या दुष्काळात केवढ्याला पडली ते मी पाहिलं आहे. खडी फोडायच्या कामावर गाव, वस्ती, सगळे एकाच ओळीत बसायचो. हातोडा सगळ्यांना सारखाच लागत होता. पाणी बैलगाडीतून टाकीनं यायचं, आणि टाकीजवळ साखळीला बांधलेला एक पेला असायचा. तो गावासाठी. आमची पाळी आली की पेला टाकीवर उपडा पडायचा आणि गडी तांब्या उंच धरून ओंजळीत पाणी सोडायचा. मामलेदार पाहणीला यायचे त्या दिवशी मात्र पेला सगळ्यांना मिळायचा, आणि त्यांची जीप वळणाआड गेली की परत उपडा. कामावरचा मुकादम गावातल्या मोठ्या घरातला तरणा पोरगा होता. टाकी भरून यायची ती त्यांच्याच विहिरीवरून. आत्या त्याच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मालक, पेला द्या."

"पेला एकच हाय, केरे."

"एकच तर मागती. दोन कशाला लागत्यात?"

तो म्हणाला, "प्यायचं आसंल तर ओंजळ कर, न्हायतर बस तशीच."

ती तशीच बसली. घरून निघताना असेल तेवढं पाणी लहान मडक्यात घेऊन ते ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची आणि त्यातलं निम्मं मला द्यायची. एका दुपारी ती खडीच्या ढिगावर आडवी झाली. डोळे वर गेलेले, ओठ पांढरे फटक. बायकांनी पदरानं वारा घातला, मी तिच्या तोंडाकडं बघत ओरडत होते. गडी तांब्या घेऊन आला आणि वरून तिच्या तोंडावर धार धरायला लागला. आत्यानं शुद्धीवर येता येता तोंड फिरवलं. पाणी खडीवर सांडलं, आणि त्या वर्षी सांडलेलं पाणी बघून बायका हळहळल्या. मुकादम म्हणाला, "मर मग." तो मुकादम म्हणजे आजचे चेअरमन. आता कळलं असेल मी का लिहिते आहे ते.

त्या खडीच्या मजुरीवरच मी शिकले. आत्यानं मला कामावरून काढून वसतिगृहात घातलं, पुढं कॉलेजात पाठवलं, आणि मी आमच्या वस्तीतली पहिली बी.ए. झाले. हे मी अभिमानानं सांगते, कुणाला आखडू वाटलं तर वाटू दे. पुढं सहकाराचे दिवस आले. दूध संघ निघाला, आत्यानं म्हैस घेतली. संचालक मंडळावर दुर्बळ घटकांची एक जागा भरावी लागते म्हणून मंडळींनी आत्याचं नाव घातलं. बिनबोभाट अंगठा देईल असा हिशोब असणार. आत्या सही शिकून गेली. पहिल्याच मीटिंगला तिनं विचारलं, "आमच्या वस्तीच्या दुधाला रोज फॅट कमी कशी लागती? आमच्या म्हशी दूध देत्यात का नळ सोडत्यात?" मंडळी हसली, पण फॅट दुसऱ्या दिवसापासून वाढली. तेव्हापासून 'केरे'ची 'केराबाई' झाली. हाक मारणारा माणूस तोच, टोपी बदललेली.

आणि मग तो दौरा निघाला. कागदावर तो होता 'डोंगराळ प्रदेशातील दुग्धव्यवसायाचा अभ्यास'. गेलो त्या सगळ्या दिवसांत आम्ही एक गाय जवळून पाहिली, तीही रस्त्यात आडवी आली म्हणून. प्रत्यक्षात ती पुण्याच्या एका टूर कंपनीची भूतानची सांस्कृतिक सहल होती. मठ, राजवाडे, मुखवट्यांचे नाच, बाजार. संचालक आणि त्यांच्या बायका जाणार, हे ठरलेलं. आत्याला वगळायचं तेही ठरलेलं. पण सहकार खात्याचा अधिकारी म्हणाला, मंजुरी हवी तर संपूर्ण मंडळ गेलं पाहिजे. असं आत्याचं नाव लागलं, आणि बाईमाणसाला सोबत पाहिजे म्हणून माझं. आत्याला मी सांगितलं, की त्या देशात सगळेच बुद्धाचे. राजा, शिपाई, हमाल, सगळे. तिनं ते तीनदा विचारून घेतलं. "समदेच? म्हंजी गावच बुद्धाचं आन् वस्ती बी बुद्धाचीच?" मग म्हणाली, "तसं गाव बघून डोळं मिटलं तरी चालतंय बग."

सोलापूरहून रेल्वे, हावड्याला गाडी बदलून उत्तरेकडं, तिथून बस. घाट चढायला लागला तशी आत्या खिडकीला चिकटली. येडशीच्या रामलिंगाच्या घाटापलीकडं डोंगर न बघितलेली बाई. "आपला घाट ह्यो बघितला तर लाजून खाली बसंल," म्हणाली. पण डोंगरापेक्षा तिनं पाहिलं ते पाणी. कड्यावरून, रस्त्यावरून, घरांच्या मधून पाणी वाहत होतं आणि त्याच्याजवळ कुणी घागर घेऊन उभं नव्हतं. ओढ्यावर लहान लहान देवळ्या बांधलेल्या, आत प्रार्थनेचं चाक, आणि ते चाक पाण्याच्या धारेनं आपोआप फिरत होतं. आत्या कितीतरी वेळ तिथं उभी राहिली. "पानी बी वंदना करतंय गं हितं..."

तिथला आमचा वाटाड्या दोरजी म्हणून तरुण होता. सिनेमे बघून हिंदी शिकलेला. आत्याची हिंदी म्हणजे शेजारच्या तांबोळ्यांच्या घरी शिकलेली दखनी. दोघांचं लगेच जमलं. "दोरजीभाई," आत्यानं विचारलं, "इत्ता पानी हय तो तुम लोगां झगडते कायपे?" तो म्हणाला, "टूरिस्टों पे, माँजी." पहिल्याच मठाच्या पायरीशी त्यानं सगळ्यांना थांबवून विचारलं, "आप में से कोई बौद्ध है?" चेअरमन आमच्याकडं बघायला लागले, मग लगेच दुसरीकडं. आत्यानं हात वर केला. "मय हूं. ये भी. हम दोनों." दोरजीनं हात जोडले, कमरेतून वाकला आणि म्हणाला, "तो आप आगे चलिए." तेव्हापासून प्रत्येक मठात आत्या पुढं, तिच्या मागं मी, आणि आमच्या मागं संचालक मंडळ. चेअरमनच्या बाईसाहेब म्हणायच्या, "पुढं पुढं करायला काय लागतंय." आत्या ऐकायची आणि लुगड्याचा पदर नीट करून पुढंच चालायची. जन्मात पहिल्यांदा बाई कुठल्याही रांगेत पहिली होती. मी तिच्या पाठीकडं बघत चालायचे. पाठ ताठ असायची, चढावर दम लागला तरी.

त्या पहिलेपणानंच तिचा घात केला.

दरीच्या टोकावर एक जुना मठ होता. गाडी खाली ठेवून बरंच चढून गेलो. आत अंधार, लोण्याच्या दिव्यांचा वास, आणि समोर एवढी मोठी बुद्धमूर्ती की मान मागं टाकावी लागली. आत्यानं वंदना घेतली, सबंध, आमच्या विहारात म्हणतो त्या चालीवर. तिथं ती चाल कुणाच्या ओळखीची नव्हती, पण कुणी अडवलंही नाही. ती उठली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढ्यात म्हातारा लामा पुढं आला. हातात चोच असलेली पितळी झारी, तोंडाला मोराचं पीस खोवलेलं. त्यांची रीत अशी, की येणाऱ्याच्या तळव्यावर झारीतून थोडं केशराचं पाणी सोडायचं. त्यानं ते प्यायचं आणि उरलेलं डोक्याला लावायचं. आत्या पहिली. तिच्या पुढं कुणीच नव्हतं ज्याचं बघून तिला कळावं. लामानं झारी उंच केली, तिरकी केली आणि मान हलवून खुणावलं, ओंजळ कर.

आत्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

मी तिच्या मागंच होते. ते हात मला दिसले, एकमेकांत घट्ट अडकवलेले, बोटं पांढरी पडलेली. लामा हसून पुन्हा खुणावत होता. दोरजी हळूच म्हणाला, "माँजी, हाथ आगे कीजिए, पवित्र पानी है."

"पेला दे बोल उनको," आत्या म्हणाली.

"पेला नहीं, माँजी. हाथ में."

"उप्पर से नय पीती मय." मग मराठीत, माझ्याकडं न बघता, "हितं बी तेच हाय गं."

ती वळली आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत बाहेर गेली. मागून बाईसाहेबांचं बोलणं ऐकू आलं, "काय अडाणीपणा तरी." मीही पाणी न घेता तिच्या मागं निघाले, पण उंबऱ्यावरून वळून बघितलं. लामा पुढं सरकला होता. चेअरमन ओंजळ करून उभे होते. झारी वर, ओंजळ खाली, कमरेत वाकलेले. पाणी प्याले आणि ओला हात टकलावरून फिरवला.

आत्या पायरीवर बसली होती. दरीकडं तोंड. मी सांगितलं, की ते सगळ्यांनाच तसं देतात, राजा आला तरी तसंच. ती म्हणाली, "चेअरमनला बी?"

"व्हय."

"वाकून?"

"वाकून. मी बघितलं."

ती थोडी हसली. मग हसू गेलं. "मला कसं कळावं... म्या पयली व्हते." आणि जरा वेळानं, "पर हात पुढं होईनाच गं. म्या सांगत व्हते, तरी होईना." ती उठली. मला पुन्हा जायचंय म्हणाली. तोवर मंडळी बाहेर आली होती, उतरायला लागली होती. दोरजीला विचारलं तर तो म्हणाला, जाऊन या, मी थांबतो. आणि मग आत्यानं ते केलं जे बहात्तरपासून केलं नव्हतं. तिनं त्या माणसाकडं काहीतरी मागितलं. "चेअरमनसाहेब, जरा दम धरा. माझं ऱ्हायलंय."

"केराबाई, मघाशी समोर आलेलं नाकारून उठून आलात. आता परत काय? बाजार बंद होईल, बायका खोळंबल्यात." दोरजीला त्यांनी घड्याळ दाखवलं. "प्रोग्रॅम म्हणजे प्रोग्रॅम."

दोरजी पगारी माणूस. तो खाली बघत उतरायला लागला. आत्याही उतरली, या वेळी सगळ्यांच्या मागून. बाजारात बाईसाहेबांनी लोकरीच्या शाली घेतल्या. बसमध्ये चेअरमननं पेल्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली तीही त्याच संध्याकाळी, आणि तेव्हाही लोक हसले होते. आत्या खिडकीशी होती. मी काही बोलायला लागले तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास होता.

तिला भोळी म्हणणाऱ्या माणसाला नेमकं माहीत आहे की ती का मागं सरली. अख्ख्या हॉलमध्ये ते माहीत असलेली दोनच माणसं होती, एक तो आणि एक मी. परदेश दाखवला म्हणे. त्या देशात हजार कोसांवर जाऊन, बुद्धाच्या समोर उभं राहून एक घोट पाणी तिला पिता आला नाही, कारण खडीच्या ढिगावरचा तो तांब्या तिच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता. आणि तिनं तो हलवला, परत वर जायला निघाली, तेव्हा त्याच माणसानं घड्याळ दाखवलं. लोक मला म्हणतात, बाई, जुनं झालं, आता माणसं बदलली. बदलली असतील. मग ती गोष्ट हसत का सांगतात? लाज वाटून गप्प का बसत नाहीत?

घरी आल्यावर आत्या त्या मठाबद्दल फारसं बोलली नाही. पाण्यावर फिरणाऱ्या चाकाबद्दल मात्र ज्याला त्याला सांगायची. गेल्या दोन वर्षांत पुन्हा टँकरचे दिवस आले, तेव्हा रांगेत उभी राहून बायकांना सांगायची, "हाय एक देस, तितं पान्याला काम न्हाय म्हनून ते चाक फिरवत बसतंय." शेवटची भेटले तेव्हा ती अंथरुणाला टेकली होती. छातीत कफ, बोलताना धाप. मला म्हणाली, "त्यो म्हातारा आसंल का गं आजून?" मी म्हटलं, असेल. "त्याला वाटलं आसंल, ही बाई रागावली माज्यावर." जरा थांबून म्हणाली, "तुजं तिकडं जानं झालं तर सांग त्याला. तुज्यावर न्हवते म्हनावं."

शोकसभेनंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी चेअरमन आत्याच्या घरी आले. मी घर आवरत होते. संघाच्या नव्या इमारतीत आत्याचा मोठा फोटो लावायचाय, दौऱ्यातला एखादा असला तर द्या, म्हणाले. ऊन मी म्हणत होतं. बाजेवर बसले, टोपी काढून वारा घेतला आणि म्हणाले, "पोरी, पाणी आण बघू."

आत्याच्या घरात पाणी कुणी कुणाला देत नसे. आतल्या खोलीत जमिनीत अर्धा पुरलेला रांजण, वर लाकडी झाकण, झाकणावर पितळेचा एक पेला. पाहुणा असो, तलाठी असो, नात्यातलं लेकरू असो, ज्याला तहान लागेल त्यानं आत जायचं, झाकण काढायचं, पेला बुडवायचा. उष्टं-खरकटं काही नाही. ती भूतानहून आल्यावर ही रीत अधिकच कडक झाली होती. विहारातले भंते आले तरी ती उठायची नाही, हात दाखवायची.

मी हात दाखवला. "आत रांजण आहे, साहेब. हातानं घ्यायचं. या घरात तशीच रीत आहे."

ते दाराकडं बघत राहिले. बाहेर ड्रायव्हर होता, ओट्यावर वस्तीतली दोन-तीन माणसं होती. उठायला म्हणून त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले... आणि टोपी घातली. "राहू दे. गाडीत आहे पाणी," म्हणाले. "फोटोचं बघा मग."

"फोटो मिळायचा नाही," मी म्हटलं.

जीप गेली. धुरळा दारातून आत आला आणि हळूहळू खाली बसला. मी आतल्या खोलीत गेले, झाकण बाजूला केलं. रांजण निम्म्यावर आला होता, त्यामुळं बरंच वाकावं लागलं. पेला बुडवला आणि तिथंच भिंतीला टेकून प्याले.